खाते बंद करण्यापूर्वी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



जमाखर्चाचा तपशील कोषाध्यक्षांनी आपल्यासमोर ठेवलाच आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरीही आज यकृताविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती मागतो, कारण हिशेबाची एक चूक माझ्या हातून घडली आहे.

हिपॅटायटीस सी या यकृताच्या आजारासाठी एक निवृत्त एस.टी. चालक आपल्याकडे येत असत. तरुणपणी अपघातानंतर त्यांना रक्त चढवावे लागले होते. त्या काळी रक्तपेढ्यांत या विषाणूची चाचणी होत नसे; विषाणूचा शोधच मुळी १९८९ साली लागला. निदान झाले तेव्हा त्यांना सिरॉसिस, म्हणजे यकृतभर व्रण होऊन ते घट्ट होण्याचा विकार, जडला होता. २०१९ मध्ये त्यांनी बारा आठवडे गोळ्या घेतल्या. त्यानंतर आणखी बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत रक्तात विषाणू आढळला नाही. ते पेढे घेऊन आले. मी त्यांच्या फाइलवर ‘पूर्ण बरे’ असा शिक्का मारला आणि त्या वर्षीच्या अहवालात त्यांची गणना यशस्वी रुग्णांत केली. पुढे कोविडचा काळ आला. त्यांची विचारपूस आमच्याकडून झाली नाही. २०२२ मध्ये ते परत आले तेव्हा यकृतात कर्करोगाची मोठी गाठ होती. काही महिन्यांतच ते गेले. त्यांच्या पत्नीने मला विचारले, “साहेब, विषाणू गेला होता ना? मग हे कुठून आलं?”

मला उत्तर देता आले नाही. नंतर आपल्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

उपचाराचे यश खरे आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने कित्येकदा ४८ आठवडे घ्यावी लागत आणि तरीही सुमारे निम्मेच रुग्ण विषाणूमुक्त होत. आजच्या गोळ्यांनी शंभरांतील सुमारे ९५ रुग्ण विषाणूमुक्त होतात. २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ही औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागली. विषाणू गेला की यकृताचा दाह काही आठवड्यांतच ओसरू लागतो. स्वतःची झीज भरून काढण्याचे विलक्षण सामर्थ्य या अवयवात आहे, त्यामुळे पुढील काही वर्षांत अनेकांचे व्रणही कमी होतात. मात्र सिरॉसिस झालेल्या रुग्णाचे यकृत क्वचितच पूर्ववत होते. कर्करोगाचा धोका पुष्कळ घटतो, पण संपत नाही. कर्ज फिटले तरी भिंतींना गेलेले तडे राहतात, तसेच हे आहे. म्हणून अशा रुग्णांनी बरे झाल्यानंतरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेणे अगत्याचे आहे. गाठ लहान असताना सापडली, तर उपाय करता येतो.

दुसरा गैरसमज रोगप्रतिकारशक्तीविषयीचा. कांजिण्या एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत. येथे तसे नाही. वर्षानुवर्षे विषाणूशी झुंजून शरीराच्या रक्षक पेशी थकून जातात. विषाणू गेल्यावर त्या काही अंशी सावरतात, पण पूर्वीचा जोम पूर्णपणे परत येत नाही. रक्तातील प्रतिपिंडे मात्र वर्षानुवर्षे टिकतात. ती जुन्या आजाराची केवळ खूण आहेत, कवच नव्हेत. त्यामुळे विषाणूचा संसर्ग पुन्हा होऊ शकतो, आणि त्यावर अद्याप लस नाही. डायलिसिस घेणाऱ्या आणि वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांनी हे विशेष लक्षात ठेवावे. उलटपक्षी, केवळ प्रतिपिंडांची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला कोणी रोगी ठरवू नये. विषाणू आज आहे की नाही, हे आरएनए चाचणीच सांगते.

बंधू-भगिनींनो, आता आम्ही तो शिक्का वापरणे बंद केले आहे. सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवली असून तपासणीची तारीख जवळ आली की घरी दूरध्वनी केला जातो. ज्यांना सोनोग्राफीचा व प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी कायमस्वरूपी निधी उभारावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे मांडत आहे. औषधासाठी देणगी सहज मिळते, कारण तिचे फळ डोळ्यांना दिसते. तपासणीचे फळ बहुधा एवढेच असते, की अहवाल स्वच्छ येतो आणि रुग्ण घरी जातो. त्या माउलीच्या घरी हेच घडायला हवे होते.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एकच विनंती. आपला माणूस बरा झाला म्हणून पेढे जरूर वाटा. पण पुढच्या तपासणीची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.