पॅनलला पोट का सुटतं?

होटगीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

सोलापूरचे गणवेश कुठं कुठं जातात, तुम्हाला माहीत आहे. त्याच शिलाईसाठी गटातल्या एका ताईंनी जीप लावायची खोली आम्हाला दिली. वर पत्रा, विटांच्या भिंती, खाली काळी माती. कापडाला चुना लागू नये म्हणून बचतीच्या पैशातून भिंतींना पीव्हीसीचे पॅनल बसवून घेतले. एप्रिल लागला आणि पॅनलला पोट सुटलं. मालगाडी गेली की खडखड वाजायचे. मिस्त्री म्हणाला, उन्हाळ्यात असं होतंच, सांधे सिलिकॉननं भरून देतो.

सिलिकॉननं पोट आत जात नाही, बायांनो. पीव्हीसी उन्हानं वाढतं. 10 फुटांचा पॅनल 30 अंशांच्या फरकानं साधारण 6 मिलीमीटर लांब होतो, आणि पत्र्याखाली पहाट-दुपारचा फरक काय असतो ते आपल्याला सांगायला नको. आमचे पॅनल खाली फरशीला, वर पट्टीला घट्ट टेकवलेले. वाढायला जागा नाही म्हटल्यावर ते पुढंच येणार! वर-खाली मिळून 10 मिलीमीटर जागा सोडायची. वरून कडेची पट्टी बसते, फट दिसत नाही. शिवाय मागं आधाराच्या पट्ट्या फक्त दोनच होत्या, एक वर, एक खाली. उभ्या पॅनलला दीड-दोन फुटांवर आडवी पट्टी लागते.

काढताना आधी मेन स्विच बंद केला. मागून वायर गेली असेल तर स्क्रू कुठं घुसलाय सांगता येत नाही. पॅनल एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून शेवटी बसवलेला आधी काढायचा आणि पाठीवर खडूनं नंबर टाकायचा.

खरं दुखणं मागं होतं. भिंतीला पांढरा लोणा, लाकडी पट्टीला वाळवी. ओल भिंतीतूनच येते का, हे बघायची सोपी रीत आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली. आमच्या पत्र्याचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडत होतं. पन्हळ लावली, बाहेर मुरूम टाकून उतार काढला, लोणा खरवडला आणि भिंत सुकू दिली. सुकायला आठवडे लागले. तेवढ्यात ऑर्डरी होत्या, मशीन ताईंच्या ओसरीत मांडल्या, पण ओल्या भिंतीवर परत काही ठोकू दिलं नाही.

नंतर लाकडाऐवजी लोखंडी जस्ती पट्ट्या घेतल्या. भिंत वाकडी होती, म्हणून ओळंबा धरून, जिथं खोल तिथं मागं चकत्या घालून सगळ्या एका सरळीत आणल्या. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता आमच्याकडंच होता, त्यामुळं हे काम त्याच्याकडूनच झालं. पूर्ण पैसे आधी दिले असते तर तो फिरकला नसता, असं आमचं मत.

काढताना दोन पॅनल फुटले. नवे आणले नाहीत. इस्त्रीच्या मागं पीव्हीसी नकोच, आचेनं वितळतं. तेवढी भिंत सिमेंटचा गिलावा करून उघडी ठेवली.