प्राध्यापकांची शिकवणी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही खडूफळ्याच्या काळातील शाळामास्तर. तथापि आपल्यापैकी कित्येक मंडळी अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत अध्यापन करितात. त्यांची एक अडचण मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे देशभर निघाली. अमरावतीच्या विद्यापीठातही निघाले. २०१८ साली ‘स्वयम्’वर घरबसल्या उजळणीवर्गांची सोय झाली. परंतु मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडली, तेव्हा अकोल्याच्या आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी ध्वनी बंद ठेवूनच पाऊण तास व्याख्यान दिले! विद्यार्थी संकोचाने गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी हे कळताच गृहस्थ राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागले. प्रशिक्षणवर्गात त्यांनी यंत्र पाहिले होते, हाताळले मात्र नव्हते. चारचौघांत चुकण्याची लाज! अखेर सूनबाईंनी रोज रात्री अर्धा तास शेजारी बसून त्यांच्याच विषयाचा धडा त्यांच्याकडून यंत्रावर घेवविला. महिन्याभरात राजीनाम्याची भाषा थांबली.

म्हणून आमची सूचना अशी की, येत्या सुटीत ज्ञातीच्या सभागृहात तरुण प्राध्यापकांनी चार संध्याकाळी ज्येष्ठांच्या शेजारी बसावे. यंत्र ज्येष्ठांच्याच हाती असावे. प्रमाणपत्रे नकोत, भाषणे नकोत, आमचेही नको. सभागृहाची किल्ली कार्यवाहांपाशी आहे. दिवस त्यांनी आजच सांगावा.