ध्येय कुणाचं?

अपघातानंतर पेशंट शुद्धीवर आला की घरची मंडळी पहिलं विचारतात, ‘हा पूर्वीसारखा कधी होणार?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यावर पुनर्वसनाचं काम उभं राहत नाही. पूर्वीसारखा म्हणजे काय? चालणं? नोकरी? की बायकोवर न खेकसणं?

मेंदूची इजा किती गंभीर हे ग्लासगो कोमा स्केलवरून ठरतं. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ते मांडलं. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल मिळून ३ ते १५ गुण. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. जीव वाचवण्याच्या घाईत हा आकडा मोलाचा. घरी परतलेला माणूस दिवसभर काय करणार, हे मात्र तो सांगत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पुढचा विचार करायचा, कामाच्या पायऱ्या लावायच्या, चुकलं तर वाट बदलायची, ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदू बघतो. डोक्याला जोराचा मार लागला की बऱ्याचदा इजा त्याच भागाला होते. शिवाय आपलं काही बिघडलंय, ही जाणीवही कधी कधी जाते. ‘मला काय झालंय? सोमवारपासून ऑफिसला जातो,’ असं तो म्हणतो तेव्हा तो हट्ट नसतो, इजेचंच लक्षण असतं. वाद घालून ते जात नाही. मग घरचे म्हणतात, त्याला काय कळतंय, त्याचं ध्येय आपणच ठरवू. मला हे मुळीच पटत नाही. ऑफिस खोडू नका. ऑफिसला जायचं तर स्वतः उठायला हवं, आंघोळ उरकायला हवी, चहा करून घ्यायला हवा. त्यातलं एक निवडा, त्यालाच निवडू द्या. कुठे अडतं, ते मग त्यालाही हळूहळू दिसू लागतं.

समजा, चहा निवडला. किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ साली अमेरिकेत मानसोपचारासाठी ध्येय किती गाठलं हे मोजायची एक पद्धत काढली. ती आता पुनर्वसनातही वापरतात. पाच पायऱ्या. सहा आठवड्यांनी ओट्यावर लावलेली कृतीची यादी बघून, कुणी न सांगता चहा केला, तर शून्य, म्हणजे ठरल्याप्रमाणे. एकदा आठवण करून द्यावी लागली, तर उणे एक. प्रत्येक गोष्ट सांगावी लागली, तर उणे दोन. यादीशिवाय जमलं, तर अधिक एक. पाहुण्यांनाही करून दिला, तर अधिक दोन. यादीत शेवटी ‘गॅस बंद’ लिहायला विसरू नका. घोटाळा तिथेच होतो.

यादीऐवजी यंत्रही चालतं. कॅलिफोर्नियात एका इंजिनिअर वडिलांनी मेंदूला इजा झालेल्या मुलासाठी पेजरवर आठवण पाठवण्याची सोय केली. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि सहकाऱ्यांनी ती १४३ जणांवर तपासली. २००१ साली छापलेल्या त्या अभ्यासात बहुतेकांची रोजची कामं सुधारलेली दिसली. आज तेच काम खिशातला मोबाईल करतो.

आपल्याकडे आडवी येते ती माया. आई भरवते, बहीण बटणं लावते, आणि हाताला सरावच मिळत नाही. तेव्हा विनंती एवढीच: डिस्चार्जच्या दिवशीच रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची वेळ मागून घ्या, आणि ध्येयं ठरवताना पेशंटला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका.