वर्गातील हवा आणि वर्गाबाहेरील हवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



अशा प्रसंगी शिक्षकाने विद्येची थोरवी गावी, असा प्रघात आहे. तो आज मी थोडा बाजूस ठेवतो. आपली मुले-मुली विद्यापीठात जाऊन दिवसाचे पाच-सहा तास ज्या खोलीत बसतात, त्या खोलीतील हवेविषयी बोलावे, असे मी योजिले आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि ३६ वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसास धूळ हा विषय अगदीच परका नसावा.

खडूची पूड डोळ्यांस दिसते, म्हणून तिला सर्वजण भितात. वस्तुतः तिचा मोठा भाग जाड कणांचा असतो आणि तो लवकर खाली बसतो. शास्त्रज्ञ हे कण मायक्रॉनने मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण माणसाच्या छातीच्या उंचीवरून स्थिर हवेत सात-आठ मिनिटांत जमिनीवर येतो. २.५ मायक्रॉनच्या कणास तेवढेच अंतर उतरण्यास सुमारे दोन तास लागतात. एक व्याख्यान संपून दुसरे सुरू झाले तरी तो तरंगतच असतो! केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा हा कण नाक आणि घसा चुकवून थेट फुप्फुसात खोलवर पोहोचतो. असे बारीक कण पुष्कळसे जळणातून निर्माण होतात : डिझेलच्या गाडीतून, पेटविलेल्या कचऱ्यातून, भट्टीतून, चुलीतून. बाहेरील हवेतील कण कर्करोगास कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१३ साली दिला आहे.

जाड धूळ वर्गातच उठते. साठ विद्यार्थी एकदम आत शिरले, बाके सरकली, की रात्रभर खाली बसलेली धूळ पुन्हा वर येते. आणि व्याख्यानापूर्वी पाच मिनिटे कोणी कोरडी केरसुणी फिरविली असेल, तर मग विचारूच नका. बारीक कण मात्र बहुतांशी बाहेरून येतात आणि खिडकी लावली तरी फटींतून आत शिरतात. तेव्हा फटीही बुजवाव्या, असे कोणी म्हणेल. परंतु साठ जणांचे उच्छ्वास जाणार कोठे? मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू दशलक्ष भागांत ४२० हून थोडा अधिक असतो. भरलेल्या बंद वर्गात तो तासाच्या आत हजाराच्या वर सहज जातो आणि मुले जांभया देऊ लागतात. त्याचा दोष मात्र बिचाऱ्या प्राध्यापकास! हवा शुद्ध करणारी यंत्रे आता मिळतात. ती कण चांगले गाळतात, परंतु हा वायू त्यांस गाळता येत नाही.

दिल्लीत नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा इतकी बिघडली की, दिल्ली विद्यापीठाने व जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने काही दिवस मुलांना वर्गात न बोलाविता संगणकाद्वारे पाठ दिले. पुण्यात तशी पाळी आली नाही, म्हणून निश्चिंत राहावे काय? गणेशखिंडीतील विद्यापीठाचे आवार झाडांनी भरलेले आहे खरे. पण त्याच्या दाराशी असलेले उड्डाणपूल २०२० साली पाडण्यात आले आणि मेट्रोचे व नव्या पुलाचे काम तेथे पुढे कित्येक वर्षे चालले. त्या गर्दीतून रोज दुचाकीवर येणाऱ्या मुलाने धूळ व धूर आधीच पोटभर घेतलेला असतो. आपल्या देशाने २००९ साली २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम अशी ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली मर्यादा ५ वर आणली. ‘हवा मर्यादेत आहे’ असे वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा कोणाच्या मर्यादेत, एवढे जरूर विचारा.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. आपले मंडळ विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका बांधणार आहे. कार्यालयात लाविलेल्या नकाशात वाचनाचे दालन हमरस्त्यास लागून आहे आणि पंगतीचे दालन मागे. दात्यांच्या नावांच्या पाट्या रस्त्यावरून दिसाव्या, हा हेतू मी समजू शकतो; पाट्या भिंतीवर खुशाल लावाव्या. पंगत वर्षातून दहा वेळा बसेल, मुले मात्र रोज रात्री दहापर्यंत बसतील. ही दोन्ही दालने अदलाबदल करावी, अशी माझी विनंती आहे. खिडक्या मागील अंगणाकडे असाव्या, आणि वीज गेल्यावर चालवावयाचे डिझेलचे जनित्र त्या खिडक्यांखाली तर मुळीच नसावे. थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत साचून धूर वर जाऊ देत नाही. म्हणून त्या दिवसांत खिडक्या दुपारी पूर्ण उघडाव्या, सकाळी थोड्याच. जमीन रात्री, मुले गेल्यावर, ओल्या फडक्याने पुसावी. ह्यांपैकी कशासही मोठा खर्च नाही. दालनांची अदलाबदल तर पाया खणण्यापूर्वी फुकटच होईल, नंतर होणार नाही.

नकाशा येत्या कार्यकारिणीपुढे मंजुरीसाठी यावयाचा आहे. ज्यांची मुले ह्या अभ्यासिकेत बसणार आहेत, त्या पालकांनी, विशेषतः भगिनींनी, आपले मत चिटणीसांकडे त्यापूर्वी लेखी पाठवावे. इतके बोलून मी आपली रजा घेतो.