मोटारींच्या शर्यती: एक नव्हे, अनेक खेळ



मोटारींची शर्यत म्हटलं की डोळ्यांसमोर येते फॉर्म्युला वनची बुटकी, रुंद चाकांची गाडी. पण या खेळाची सुरुवात झाली साध्या रस्त्यावर. १८९४ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्राने पॅरिस ते रुआँ अशी गाड्यांची परीक्षा घेतली. सर्वांत आधी पोहोचली ती द दियाँ यांची वाफेवरची गाडी. मात्र तिची भट्टी पेटती ठेवायला वेगळा माणूस लागायचा, म्हणून पहिलं बक्षीस प्यूजो आणि पानार या कंपन्यांना विभागून दिलं. नुसत्या वेगावर निकाल लागत नाही, हे तेव्हाच ठरलं.

आजही प्रत्येक प्रकार वेगळी परीक्षा घेतो. फॉर्म्युला वनमध्ये बंद ट्रॅकवर साधारण ३०५ किलोमीटर धावायचं असतं. फ्रान्समधल्या ल मान्सला सलग चोवीस तास. चालक आळीपाळीने बदलतात, गाडी मात्र तीच. ड्रॅग रेस सरळ पट्ट्यावर काही सेकंदांत संपते. डकार रॅलीत हजारो किलोमीटर वाळवंट तुडवावं लागतं. २०१५ साली बंगळुरूच्या सी. एस. संतोष यांनी ती मोटरसायकलवर पूर्ण केली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले.

मला स्वतःला सर्वांत अवघड वाटते ती घाट-जंगलांतल्या रस्त्यांवरची रॅली. घाटातला, जंगलातला रस्ता वाहतुकीसाठी बंद करतात आणि गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात. झुंज घड्याळाशी. चालकाशेजारी सहचालक असतो. आधी संथ गतीने रस्ता पाहून दोघांनी प्रत्येक वळणाची नोंद केलेली असते. शर्यतीत सहचालक ती वही वाचत जातो: डावं, तीव्र, पुढे उतार. पलीकडचं वळण दिसत नसतानाही चालक त्या शब्दावर गाडी झोकून देतो. वाचन क्षणभर चुकलं तर गाडी दरीत. एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच दिसेल. आणि शर्यतीच्या एका बंद टप्प्याहून दुसऱ्याकडे जाताना हीच गाडी नंबरप्लेट लावून, सिग्नल पाळत, तुमच्याआमच्यासारखी रस्त्याने जाते. ठरल्या वेळेआधी पोहोचली तरी दंड!

तुमच्या घरात कुणाला वेगाचा नाद असेल, तर त्याला हायवेवर गाडी पळवू देऊ नका. गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर न्या. फॉर्म्युला वनचे शूमाकर आणि हॅमिल्टन लहानपणी अशाच ट्रॅकवर शिकले.