थैलीशाही आणि मतदाराचा उत्साह
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली अशी की, ज्याची थैली मोठी तोच तेथे अध्यक्ष होतो. दुसरी अशी की, पैसा कितीही ओतला तरी लोकांच्या मनात ज्याने घर केले तोच अखेरीस निवडून येतो. पहिली समजूत डाव्या कार्यकर्त्याला सोयीची वाटते, कारण तिच्यामुळे पराभवाचे कारण आयते हाती येते. दुसरी भांडवलशाहीच्या समर्थकांना सोयीची वाटते, कारण तिच्यामुळे थैलीशाहीला लोकशाहीचे प्रशस्तिपत्र मिळते. इतिहासाची साक्ष काढली तर दोन्ही अपुऱ्या ठरतात.

१८९६ ची निवडणूक या दृष्टीने उद्बोधक आहे. कर्जबाजारी शेतकऱ्यांचा कैवार घेऊन विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. आगगाडीने सुमारे १८,००० मैलांचा प्रवास करून त्यांनी सुमारे ६०० भाषणे दिली. त्यांच्या सभांना लोटलेल्या गर्दीचे वर्णन आजही केले जाते. त्यांचे प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली ओहायो राज्यातील कँटन या गावी आपल्या घराच्या ओसरीवर बसून राहिले. श्रोत्यांनाच आगगाडीने त्यांच्यापर्यंत आणले जात असे. ही सारी व्यवस्था मार्क हॅना या उद्योगपतीची. त्याने मोठ्या बँकांवर त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का अशी जणू पट्टीच बसवली, स्टँडर्ड ऑइल कंपनीकडून अडीच लाख डॉलर घेतले आणि एकूण सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले. ब्रायन यांच्यापाशी त्याचा अल्पसा अंशच होता. मॅकिन्ली विजयी झाले. तरीही ब्रायन यांना सुमारे ६५ लाख मते पडली, म्हणजे शेकडा ४६ हून अधिक. पैशाने उत्साहाचा पराभव केला हे खरे. पण तो नाहीसा केला नाही.

आता अलीकडची उदाहरणे पाहू. २०१६ साली रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी जेब बुश यांच्या पाठीराख्यांनी १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवली. परंतु साउथ कॅरोलायनातील पराभवानंतर फेब्रुवारीतच त्यांना माघार घ्यावी लागली. २०२० साली मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या खिशातून सुमारे १०० कोटी डॉलर खर्च केले. अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटप्रदेशापलीकडे त्यांना कोठेही विजय मिळाला नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेने डोनाल्ड ट्रम्प यांच्या यंत्रणेपेक्षा कितीतरी अधिक खर्च केला आणि त्या पराभूत झाल्या. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या प्रचारासाठी सुमारे तीन महिन्यांत १०० कोटी डॉलरहून अधिक निधी गोळा झाला, त्याही हरल्या. पैसा हीच जर मतांची किंमत असती, तर हे चारही निकाल उलटे लागायला हवे होते.

मग धनिक पैसा ओततात कशासाठी? ते मूर्ख असतील असे मानण्याचे कारण नाही. वस्तुस्थिती अशी की, पैसा मत विकत घेत नाही; तो प्रश्नपत्रिका काढतो. उत्तर मतदाराने लिहायचे, परंतु कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते मुळीच विचारायचे नाहीत, हे आधीच ठरलेले असते. कोट्यवधी डॉलर उभे करण्याची ऐपत नसलेला उमेदवार देशभर ऐकूही जात नाही. ज्याची ऐपत असते त्याला दात्यांच्या नजरेला नजर देऊन बोलावे लागते. शिवाय निकालानंतर दाता दाराशी उभा राहतो तो याचक म्हणून नव्हे, तर धनको म्हणून. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मुख्यतः ट्रम्प यांच्या विजयासाठी खर्च केली. २०२५ मध्ये सरकारी खात्यांतील नोकरकपातीच्या मोहिमेची सूत्रे काही महिने याच गृहस्थांच्या हाती होती. त्यांना एकाही मतदाराने निवडून दिलेले नव्हते.

या प्रवाहाला बांध घालण्याचे प्रयत्न तेथे झालेच नाहीत असे नाही. कंपन्यांनी उमेदवारांना थेट देणग्या देण्यास १९०७ च्या कायद्याने बंदी घातली. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये देणग्यांवर व खर्चावर मर्यादा आल्या आणि अध्यक्षीय प्रचारासाठी सरकारी निधीची सोय झाली. १९७६ साली फोर्ड आणि कार्टर या दोघांनाही सारखेच, प्रत्येकी सुमारे २ कोटी १८ लाख डॉलर मिळाले. परंतु त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात खर्चावरील सक्तीची मर्यादा रद्द केली. प्रचारावर पैसा खर्च करणे हे भाषणस्वातंत्र्यातच मोडते, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. २००८ साली बराक ओबामा यांनी सरकारी निधी नाकारून स्वतंत्रपणे सुमारे ७५ कोटी डॉलर उभे केले. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी मुख्य लढतीसाठी सरकारी निधीचे ८ कोटी ४१ लाख डॉलर स्वीकारले. त्या दिवसापासून ही योजना कागदावरच राहिली. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालाने तर कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चाला मोकळे रान मिळाले. हा बांध एकट्या प्रतिगाम्यांनी फोडला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पुरोगाम्यांच्या आशास्थानानेही आपल्या सोयीपुरता त्याचा एक दगड काढला.

उत्साह आणि लोकप्रियता यांचेही असेच आहे. १९७२ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उभे राहिलेले जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्यामागे तरुणांचा मोठा उत्साह होता आणि सामान्य माणसांच्या छोट्या देणग्याही होत्या. पन्नासपैकी ४९ राज्यांत त्यांचा पराभव झाला. सभेतील उत्साह आणि देशातील बहुमत यांत किती अंतर असू शकते, याचा हा धडा होय. उलट २०१६ मध्ये दोन्ही प्रमुख उमेदवार गॅलप संस्थेच्या पाहण्यांत विक्रमी प्रमाणात अप्रिय ठरले होते. क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख मते अधिक पडली. परंतु निर्वाचक मंडळाच्या पद्धतीमुळे मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून ८० हजारांहून कमी मतांच्या फरकाने निकाल फिरला. म्हणजे लोकप्रियता केवळ असून भागत नाही. ती योग्य राज्यात असावी लागते.

या साऱ्या हिशेबात सर्वांत मोठा पक्ष कोणता? मतदानाला न जाणाऱ्यांचा. २०२० मध्ये मतदान शेकडा ६६ च्या आसपास झाले, तेव्हा ते १९०० नंतरचे सर्वाधिक ठरले. २०२४ मध्ये सुमारे ९ कोटी पात्र नागरिकांनी मत दिले नाही. विजयी ट्रम्प यांना ७ कोटी ७० लाखांच्या आसपास मते मिळाली. न येणाऱ्यांत गरिबांचे प्रमाण श्रीमंतांपेक्षा बरेच अधिक असते. मतदान मंगळवारी असते, त्या दिवशी देशव्यापी सुट्टी नसते, आणि नावनोंदणीची खटपट बहुतेक ठिकाणी नागरिकानेच करावयाची असते. रोजावर काम करणाऱ्याच्या अनुत्साहाला आळस म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे पोट ज्या प्रश्नांशी जखडलेले आहे, ते प्रश्नपत्रिकेत नसतील तर त्याने मजुरी बुडवून रांगेत का उभे राहावे?

उत्साह म्हणजे काही हवामान नव्हे की, आपोआप येईल व जाईल. मे १९६४ मध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी डॉ. राममनोहर लोहियांना केवळ त्वचेच्या रंगामुळे एका उपाहारगृहात प्रवेश नाकारण्यात आला आणि त्यांनी अटक पत्करली. त्या राज्यात तेव्हा पात्र कृष्णवर्णीयांपैकी शेकडा ७ जणांचीही मतदार म्हणून नोंद नव्हती. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. हा बदल थैलीने घडवला नाही. घरोघर फिरून, मार खाऊन, प्रसंगी प्राण देऊन कार्यकर्त्यांनी तो घडवला.

समाजवादी कार्यकर्त्याने शेवटी दोन मोहिमा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९१२ मध्ये युजीन डेब्ज यांना सुमारे ९ लाख मते पडली. त्यांच्यामागे दरमहा वर्गणी देणारे एक लाखाहून अधिक सभासद होते. १९१८ साली त्याच कँटन गावात युद्धविरोधी भाषण केल्याबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून लढताना त्यांना पुन्हा ९ लाखांवर मते मिळाली. अध्यक्षपदावर ते कधीच निवडून आले नाहीत. तथापि त्यांच्या पक्षाने धरून ठेवलेल्या वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि बेकारीचा विमा या मागण्या १९३५ मध्ये कायद्यात उतरल्या. २०१६ साली बर्नी सँडर्स यांनी सरासरी २७ डॉलरच्या देणग्यांतून २० कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आणि उमेदवारीच्या लढतीत सुमारे १ कोटी ३० लाख मते मिळवली. थैलीवाल्यांच्या दारी न जाताही प्रश्नपत्रिकेत नवे प्रश्न घालता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु देणगीदार आणि सभासद यांत फरक आहे. देणगीदार एका माणसासाठी पैसे देतो आणि निवडणूक संपली की घरी जातो. सभासद वर्गणी देतो, बैठकीला येतो, वाद घालतो आणि पराभवाच्या दुसऱ्या दिवशीही कार्यालयाचे कुलूप उघडतो.

थैलीशी थैलीने झुंजता येणार नाही. उमेदवाराच्या लोकप्रियतेवर विसंबणे म्हणजे भाड्याच्या घोड्यावर बसणे होय. मतदानाला न येणाऱ्या माणसाच्या दारी निवडणूक नसतानाही जाणे, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत ऐकणे आणि त्याच्याकडून चार आण्यांची का होईना, पण नियमित वर्गणी घेणे, हे काम कंटाळवाणे आहे. त्याचे फळ एका निवडणुकीत दिसत नाही. पण प्रश्नपत्रिका काढण्याचा अधिकार धनिकांच्या हातून काढून घेण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवात तरी आढळत नाही.