कावेरीकाठचे कूळ आणि सरकारी मदत



कुंभकोणमच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेले तिरुनागेश्वरम् हे गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते राहूच्या देवळामुळे. परंतु गावाबाहेर पडले की चोहीकडे भातखाचरे लागतात, आणि आज मला बोलावयाचे आहे ते त्या खाचरांविषयी.

मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले की येथे कुरुवै हे अल्प मुदतीचे भात लावतात. पुढे दीर्घ मुदतीचे सांबा येते, ते जानेवारीच्या सुमारास कापणीस होते. ईशान्य मोसमी पावसाचे पाणी नोव्हेंबरात तुंबले तर सांबाची कोवळी रोपे कुजतात. पुन्हा लावणी करण्याची आशा तरी उरते. जानेवारीत अवेळी पाऊस आला तर पीक आडवे होऊन दाण्यांना शेतातच मोड फुटतात. तोवर वर्षाचा सारा खर्च होऊन गेलेला असतो.

सरकारने हा भेद ओळखला, हे मान्य केले पाहिजे. २०२१ च्या जानेवारीतील पावसानंतर तामिळनाडू सरकारने भाताची मदत हेक्टरी १३,५०० रुपयांवरून २०,००० रुपयांवर नेली आणि दोन हेक्टरांची मर्यादाही त्या वेळी बाजूस ठेवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कापणीस आलेल्या पिकास हेक्टरी २०,००० रुपये, तर बुडालेल्या सांबा रोपांसाठी हेक्टरी ६,०३८ रुपये किमतीची बियाणे-खते जाहीर झाली. मदतीस पात्र होण्यासाठी निदान ३३ टक्के पीक गेलेले असावे लागते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती.

येथील शेतकरी मात्र हेक्टरात विचार करीत नाही. तो 'मा' या मापाने मोजतो. तीन मा म्हणजे एक एकर. तेव्हा हेक्टरी २०,००० रुपये म्हणजे एका मा-मागे सुमारे २,७०० रुपये होतात. चार मा कसणाऱ्याला दहा-अकरा हजार मिळतील. ही नुकसानभरपाई नव्हे. पुढील हंगामाच्या बी-बियाण्याला हातभार, एवढाच तिचा अर्थ आहे. तरीही ती हाती पडली तर सावकाराचे दार काही काळ टळते.

पण ती पडते कोणाच्या हाती? तंजावरच्या या सुपीक पट्ट्यात देवस्थानांच्या आणि मठांच्या मालकीची पुष्कळ जमीन आहे, आणि ती कसतात कुळे. कुळांच्या हक्कांची नोंद व्हावी म्हणून तामिळनाडूत १९६९ साली कायदा झाला. नोंद झालेल्या कुळाजवळ दाखवावयास कागद असतो. परंतु त्याच्याकडून तोंडी कराराने एक-दोन हंगामांसाठी जमीन घेणारा कोणत्याच दप्तरात नसतो. पाणी ओसरल्यावर महसूल व कृषी खात्यांचे कर्मचारी पाहणीस येतात, तेव्हा गावचा प्रशासकीय अधिकारी, म्हणजे आपल्याकडील तलाठीच म्हणा, 'अडंगल' या पीकनोंदीवरून दाखला देतो. ज्याने बियाणे विकत घेतले, चिखलणी केली, त्याचे नाव तेथे नसेल तर पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. कोणी प्रामाणिकपणे ते वाटून घेतो, कोणी खंडात वळते करतो.

महाराष्ट्रात निराळे काही घडते असे नाही. तेथेही सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभा असतो आणि यादीत नसतो.

अधिकारी म्हणतात, कागदाविना पैसे वाटले तर खोटे दावेदार उभे राहतील. भीती रास्त आहे. म्हणूनच कसणाऱ्याचे नाव पुरानंतर शोधण्यापेक्षा लावणी होताच पीकनोंदीत लिहावे, आणि ते लिहिल्याने मालकी हक्क जात नाही हे मालकास लेखी कळवावे. सांबाची लावणी बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरपर्यंत उरकते. मोठे पूर बहुधा नोव्हेंबरात येतात. एवढ्या दिवसांत एका गावाची खाचरे पायी फिरून होतात.